बिनगळाची माशी

गळ्यात तुळशीची माळ आणि हातात मासे धरायची काठी, असा माणूस अख्ख्या संभाजीनगरात एकच असणार, आणि तो शाळेपासून माझ्याच नशिबी आला. माळ त्याच्या वडिलांनी लहानपणीच घातलेली. त्यामुळं मासा नाही, मटण नाही, अंडं नाही. कांदा-लसूण तेवढा चालायचा, त्याचं कारण भाऊसाहेब. भाऊसाहेब वैजापूरकडचा, कांद्याच्या घरातला, शिकायला शहरात मामाकडं राहिलेला. कांदा सोडलास तर आपली दोस्ती बी सुटली समज, असं त्यानं आठवीतच बजावून ठेवलं होतं आणि हा ते मुकाट ऐकत आला.

आम्ही चौघं. भाऊसाहेब शेतकी खात्यातून निवृत्त झाला, अजूनही दर शनिवारी गावाकडं जातो. युसुफचं नवाबपुऱ्यात हिमरूच्या शालींचं दुकान, दुकानामागं दोन हातमाग. मी गारखेड्यात मेडिकल चालवतो. आणि हा. याला आम्ही उस्ताद म्हणतो. युसुफच्या मागाचा एक लाकडी भाग मोडला होता आणि तो बनवून देणारा कारागीर गावात राहिला नव्हता. यानं तो घरी घासून केला आणि असा बसवला की युसुफच्या अब्बांनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, ये तो उस्ताद का काम है. तेव्हापासून तेच नाव. त्याचं खरं नाव मी शेवटचं ऐकलं ते त्याच्या लग्नात, भटजींच्या तोंडून.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो तपासणीला होता. दुसऱ्यांनी बनवलेले जॉब, म्हणजे मशीनचे सुटे भाग, मोजायचे, बरोबर असले तर पास करायचे, नसले तर बाजूला टाकायचे. नोकरीभर त्यानं एवढंच केलं, आणि संध्याकाळी घरी आल्यावरही त्याचा हात थांबत नसे. लग्नाच्या मांडवात गेला की आधी किल्ल्यांचा जुडगा दोरीला लटकवून खांब ओळंब्यात आहे का बघायचा, मग नवरा-नवरीला भेटायचा. माझ्या दुकानात आला की गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख बाहेर उन्हात नेऊन वाचायचा. अरे बाबा, शाळेतला मित्र मी, तुला जुना माल देईन का, म्हटलं तर म्हणायचा, तू देणार नाहीस, पण मी बघितलेलं नाही. त्यात राग नाही, संशय नाही. पाऊस पडतोय म्हणावं तसं तो हे म्हणायचा, आणि त्यामुळं जास्तच डोकं फिरायचं.

घरीही तीच तऱ्हा. वहिनींनी भाजीत मीठ बरोबर आहे म्हटलं तरी हा चमचा घेऊन उठणार. गॅस बंद केलाय म्हटलं तरी जाऊन बटण चाचपणार. एकदा चहा देता देता त्या मला म्हणाल्या, "भावजी, लग्नाला एवढी वर्षं झाली, पण यांनी मला अजून पास केलेलं नाही." आणि हसल्या. मला काही ते पूर्ण हसणं वाटलं नाही. हा शेजारीच बसला होता. त्यानं बिस्किटाची कड तपासली आणि चहात बुडवलं.

कारखान्यातली एक गोष्ट तो स्वतःच सांगायचा. त्याला हाताला धरून काम शिकवलेला एक फोरमन होता, वयानं वडिलांच्या जागी. एकदा माल घाईनं पाठवायचा होता, गाडी फाटकात उभी होती. फोरमन म्हणाला, सगळे जॉब मी स्वतः मोजलेत, तू फक्त सही कर. हा म्हणाला, बघितल्याशिवाय सही नाही. आणि सगळ्या खात्यासमोर बांधलेल्या पेट्या परत उघडून बसला. गाडी थांबली, साहेब लोक खाली आले, बोलाचाली झाली. शेवटी सगळा माल बरोबर निघाला. फोरमन त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. निरोपाच्या कार्यक्रमात यानं पाया पडायला वाकावं, तर म्हातारा पाय मागं घेऊन निघून गेला.

"खरा माणूस होता," हा सांगायचा. "एक अक्षर खोटं बोलला नाही. पण मी बघितलं नव्हतं ना."

युसुफनं त्याला विचारलं होतं, बाप जैसा आदमी, उसकी जबान पे भी नहीं? हा म्हणाला, जबान मोजता येत नाही. युसुफ त्या दिवशी चहा न घेताच उठून गेला. व्यापारी माणूस, त्याच्या घराण्याचा धंदाच तोंडी शब्दावर चाललेला. पण उस्तादावर रागावून राहणं कुणाला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच गठडी घेऊन हजर, ही शाल बघ, विणीत कुठं चूक आहे का.

माशीचं वेड त्याला लागलं तेही कारखान्यातच. परदेशातून एक इंजिनियर मशीन बसवायला आला होता. लाइट गेली, काम थांबलं. त्या गोऱ्यानं पिशवीतून एक चपटी डबी काढली. आत बारक्या गळांवर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या माश्या होत्या, खऱ्या किड्यासारख्या. ही माशी लांब दोरीनं पाण्यावर अलगद टाकायची, मासा किडा समजून ती तोंडात घेतो, असा तिकडचा खेळ. फ्लाय फिशिंग म्हणतात. उस्तादानं विचारलं, याचं ड्रॉइंग कुठंय? गोरा म्हणाला, ड्रॉइंग नसतं. मग हे पास कोण करतं? गोरा म्हणाला, मासा.

झालं. हे एक उत्तर त्याच्या डोक्यात जे बसलं ते निघालंच नाही. जन्मभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून दुसऱ्यानं केलेलं काम मोजलेला माणूस. त्याला आता स्वतःच्या हातचं काही तरी करून अशा इन्स्पेक्टरपुढं ठेवायचं होतं, ज्याला कुणी दमात घेऊ शकत नाही आणि ज्याला भुकेपलीकडं काही कळत नाही. निवृत्त झाल्याबरोबर त्यानं गच्चीवरच्या खोलीत टेबल मांडलं. पुस्तकं मागवली, काठी मागवली, आणि आम्हा तिघांना बोलावून जाहीर केलं की आपण चौघं हिमाचलला, ट्राउट माशाच्या नदीवर जाणार आहोत. आमच्यापैकी एकालाही पोहता येत नव्हतं.

गळ माशाच्या तोंडात रुतवायचा नाही, हे माळेमुळं पहिल्यापासून ठरलेलं. म्हणून तो गळाचं टोक पकडीनं तोडायचा, कानशीनं घासून गुळगुळीत करायचा आणि मग त्यावर माशी बांधायचा. म्हणजे मासा येणार, माशी तोंडात घेणार, फसलो हे कळलं की थुंकणार आणि आपल्या वाटेनं जाणार. भाऊसाहेबाला हे काही केल्या पटेना.

"आरं, खायचा नाय ते समजलं. पन धरायचा बी नाय? मग नदीवर जायचं कशाला, तोंड धुवायला?"

उस्तादाचं म्हणणं, त्यानं तोंडात घेतली की माशी पास, पुढचं मला काय करायचंय. आणि यातूनच त्याचा दुसरा नियम निघाला. मासा हातात येणार नाही म्हणजे पुरावा राहणार नाही. फोटोवर त्याचा विश्वास नव्हता. म्हणून मासा माशी घेताना त्यानं स्वतः बघितलं पाहिजे, आणि साक्षीला आम्ही तिघंही पाहिजेत. चौघं निघालो तरच निघायचं, एक जरी कमी पडला तर बेत रद्द. आता चार संसारी माणसं एकाच आठवड्यात मोकळी होणं म्हणजे काय ते सांगायला नको. कधी भाऊसाहेबाचा कापूस वेचणीला आलेला, कधी युसुफकडं निकाह, कधी माझ्या दुकानात बसायला माणूस नाही. तीन पावसाळे असेच गेले. बेत मात्र दर रविवारी त्याच्या गच्चीवर नव्यानं व्हायचा, वहिनींची भजी खात.

तयारीत मात्र त्यानं कुणाचंच ऐकलं नाही. पिसं लागायची ती कोंबड्याच्या मानेची. शहागंजातल्या चिकनच्या दुकानात माळकरी माणूस कसा शिरणार? हा रस्त्याच्या पलीकडं दुकानाकडं पाठ करून उभा राहायचा आणि युसुफ आत जायचा. युसुफ एकेक पीस आणून दाखवायचा, हा मान हलवून परत पाठवायचा. दुकानदार शेवटी युसुफला म्हणाला, भाईजान, मुर्गी लेना है या रिश्ता करना है? दोरा मात्र युसुफच्या मागावरचा, शाली विणून उरलेलं रेशीम. पुस्तकात सांगितलेला दोरा यानं मागवून बघितला आणि नापास केला.

आणि किडे. पुस्तकात लिहिलं होतं की माशी अगदी स्थानिक किड्यासारखी हवी, परका किडा मासा तोंडात घेत नाही. म्हणून पावसाळ्यात संध्याकाळी हा कॉलनीतल्या ट्यूबलाइटखाली काचेचा पेला घेऊन उभा. पाखरं पेल्याखाली धरायची, पंख, पाय, पोटाचा रंग न्याहाळायचा, आणि वर जाऊन हुबेहूब तशी बांधायची. बांधून झाली की खरं पाखरू आणि माशी शेजारी ठेवून आम्हाला ओळखायला लावायचा. भाऊसाहेबानं एकदा खोटी माशी चपलेनं मारली. त्या दिवशी उस्ताद जितका खूश होता तितका तो मुलीच्या लग्नातही दिसला नव्हता.

फेकीचा सराव कॉलनीमागच्या मैदानावर, कोरड्या जमिनीवर. चार पिकल्या केसांची माणसं धुळीत आळीपाळीनं काठी हवेत फिरवतायत आणि लांबवर ठेवलेल्या परातीत दोरी टाकतायत, हे बघायला फिरायला येणारे सगळे थांबायचे. एका बाईंनी विचारलं, इथं काय पडलंय का? एकदा पोलिसांची गाडी थांबली. हवालदारानं चौकशी केली, उस्तादानं समजावून सांगितलं, आणि मग त्याच्याच हातात काठी दिली. हवालदाराची दुसरी फेक परातीत पडली. आमची सहा महिने पडत नव्हती. उस्ताद महिनाभर आम्हाला त्या हवालदाराचा दाखला देत होता.

एक दिवस दुपारी तो दुकानात आला आणि कागद काउंटरवर ठेवला. औषधाचं नाव वाचून मी वर बघितलं. कंपवाताची गोळी होती. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी ती शेकडो लोकांना दिली असेल, पण तेव्हा कपाटातून काढायला मला वेळ लागला. त्यानं उजवा हात काउंटरवर पालथा ठेवला होता. अंगठा आपोआप हलत होता.

डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू वाढेल, गोळीनं आटोक्यात राहील, बारीक काम मात्र आधी जाईल. हे सगळं त्यानं मला दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. मग तारीख वाचायला पाकीट उन्हात नेलं, परत आला आणि म्हणाला, "हात आहेत तोवर एकदा माशानं माझी माशी घेतली पाहिजे. आणि ती घेताना मला दिसली पाहिजे. बाकी काही नाही."

मी त्याच संध्याकाळी भाऊसाहेबाला आणि युसुफला सांगितलं. त्यानंतर कुणाला कापूस आडवा आला नाही की निकाह. पावसाळा सरतानाची तिकिटं काढली, तिकडं मुक्कामाची सोय बघितली, स्वेटर उन्हात टाकले. तोवर उस्तादाचा हात पुरता बिघडला होता. शेवटच्या काही माश्या त्यानं मनगट टेबलाला फडक्यानं बांधून केल्या. मग एका रविवारी टेबल पुसलं, सामान कपाटात ठेवलं आणि आता आहेत त्याच माश्या म्हणाला.

निघायच्या आठवडाभर आधी गच्चीवर शेवटची बैठक होती. सगळ्या माश्या त्यानं पांढऱ्या कापडावर मांडल्या होत्या. ट्यूबलाइटभोवती पाखरं भिरभिरत होती, त्यातली दोन-चार कापडावरही उतरली होती आणि खरी कोणती, खोटी कोणती ते खरंच कळत नव्हतं. युसुफ बराच वेळ बघत बसला होता. मग त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "उस्ताद, ये अपने औरंगाबाद के पाखरां हिमाचल में होते क्या?"

भाऊसाहेबाची भजी हातातच राहिली. मी उस्तादाकडं बघायचं टाळलं. पावसाळ्यामागून पावसाळा हा माणूस आमच्या डोळ्यांदेखत गारखेड्याच्या ट्यूबलाइटखालचे किडे हिमाचलच्या माशासाठी उतरवून घेत होता. आमच्यात एक शेतकी खात्यातला, एक औषधवाला, आणि एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. धन्य ते पुस्तक आणि धन्य आम्ही वाचणारे.

उस्ताद उठला. आतून पुस्तक आणलं, ते वाक्य काढलं, उभ्यानंच वाचलं आणि पुस्तक मिटलं. "रिजेक्ट," तो म्हणाला. "सगळा लॉट."

मी सुचवलं, माश्या तिकडं विकत मिळतात म्हणे. तो म्हणाला, मग पास विकणाऱ्याची होईल, माझी काय? भाऊसाहेब म्हणाला, तिकडं जाऊन तिकडचं किडं बघून नव्या बांध की. त्यानं उजवा हात आमच्यापुढं धरला. हात थरथरत होता. भाऊसाहेबानं मान खाली घातली. त्या रात्री तिकिटं रद्द झाली. मी घरी येऊन बायकोवर विनाकारण चिडलो.

दोन दिवस तो फोन उचलत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ग्रुपवर त्याचा निरोप आला: किडा इथला आहे, तर मासाही इथलाच बघू. भाऊसाहेबाच्या गावचा तलाव भरला होता आणि मासेमारीचा ठेका त्याच्या चुलतभावाकडं होता. आम्ही लगेच पुढच्याच रविवारी निघालो, युसुफच्या गाडीतून. हिमाचलसाठी घेतलेला लोकरी टोप्यांचा गठ्ठा डिकीत तसाच होता.

चुलतभाऊ बांधावर वाट बघत होता. त्यानं माशी तळहातावर घेतली, गळावरून अंगठा फिरवला आणि भाऊसाहेबाला विचारलं, याला टोक कुठंय? भाऊसाहेब म्हणाला, त्ये घरी ठेवलंय. मग चुलतभावानं सांगितलं की वर येऊन किडे खातो तो चिलापी, म्हणजे निव्वळ कचरा मासा, बाजारात कुणी विचारत नाही. उस्ताद म्हणाला, "असू दे. आपल्याला कुठं विकायचाय." चुलतभाऊ आमच्याकडं एकदा बघून मोटर चालू करायला निघून गेला.

ऊन उतरलं तसे काठच्या गवतातून किडे उठायला लागले आणि तलावावर जागोजागी गोल वर्तुळं उमटायला लागली. मासे वर येत होते. उस्तादानं एक माशी निवडली. ती दोरीला बांधायला त्याला इतका वेळ लागला की मला बघवेना, पण त्याच्या माशीला दुसऱ्यानं हात लावलेला त्याला चालत नसे, म्हणून आम्ही तिघंही उगाच आभाळ बघत राहिलो. सकाळच्या गोळीचा असर संध्याकाळी उतरतो हे मला धंद्यामुळं माहीत. मी गोळी आणि पाणी पुढं केलं. नंतर, म्हणाला.

पहिल्या फेकी वाया गेल्या. मैदानावर परातीत बिनचूक पडणारी त्याची दोरी इथं पायापाशीच गोळा होऊन पडायची. तो न बोलता ती गोळा करायचा आणि परत फेकायचा. मग एक फेक साधली. दोरी सरळ गेली आणि माशी त्या वर्तुळांच्या मधोमध अलगद उतरली. आजूबाजूला मासे खरे किडे टिपत होते. याच्या माशीकडं कुणी येईना. युसुफचे ओठ हलत होते, तो काही तरी पुटपुटत होता.

आणि मासा आला. माशीखालचं पाणी फुगलं, फुटलं, माशी गेली. लगेच परत वर आली, थुंकलेली. वर्तुळ पसरत काठापर्यंत आलं. ओरडायचं नाही असा त्याचा हुकूम होता म्हणून मी ओरडलो नाही. हसत त्याच्याकडं वळलो, तर तो आपल्या हाताकडं बघत होता. उजवा हात जोरात उडायला लागला होता आणि तो डाव्या हातानं त्याला दाबून धरायच्या नादात होता.

"काय झालं?" तो म्हणाला. आमची तोंडं बघून त्याला समजलं. "आला होता?"

आम्ही तिघंही एकदम हो म्हणालो. मग त्यानं काठी खाली ठेवली आणि आम्हाला एकेकाला बाभळीखाली बाजूला नेलं, दुसऱ्याला ऐकू जाणार नाही इतकं लांब. कुठून आला, रंग कसा, किती घेतली. मी सांगितलं, खालून आला, करडा होता, पूर्ण माशी गेली. भाऊसाहेबानं सांगितलं, डावीकडनं आला, काळा, आणि हात पसरून दाखवला तेवढा मासा त्या तलावात मावला नसता. युसुफ म्हणाला, मैंने सिर्फ मुँह देखा, लाल-सा. शेवटी तो आमच्यात परत आला.

"तिघांचं तीन तऱ्हेचं आलं," तो म्हणाला.

भाऊसाहेब दुखावला. "मंजी आमी खोटं बोलतोय व्हय?"

"नाही. ठरवून सांगितलं असतं तर एकच आलं असतं." आणि मग आवाज एकदम खाली गेला. "पण मी बघितलं नाही रे."

त्याचे डोळे भरले होते. मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं, आणि मला त्याच्यासाठी इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते त्याच्यासमोर होऊन गेलं होतं आणि नेमकं त्यालाच दिसलं नव्हतं. त्याला आमची जबान घेऊन घरी जावं लागणार होतं, आणि जबानीचं त्याच्याकडं काय होतं ते आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

त्यानं काठी युसुफच्या हातात दिली. "तू टाक. मी बघतो." आणि पाण्याच्या अगदी कडेला उकिडवा बसला. युसुफ टाकत राहिला. त्याची फेक वाईटच, पण माशी कशीबशी पाण्यावर जायची. उस्ताद पापणी न हलवता बघत होता. उजेड कमी झाला, किडे बसले, वर्तुळं थांबली. युसुफचा खांदा भरून आला होता, तरी तो थांबेना आणि थांब म्हणायचं आमच्याही जिवावर आलं. शेवटी उस्तादच म्हणाला, "राहू दे."

युसुफनं दोरी ओढून घेतली. माशी सोडवायला उस्तादानं हात घातला, पण बोटांना गाठ सापडेना. थोडा वेळ त्यानं खटपट केली आणि मग दोरी माझ्यापुढं धरली. काढ, म्हणाला. मी दातानं दोरा तोडून ती ओली माशी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याच्या शर्टाच्या खिशात नेहमीचं भिंग होतं, कारखान्यातलं. ते बघून मला एकदम सुचलं.

"अरे, भिंगातून बघ की. माशानं तोंडात घेतली असेल तर रेशीम कुठं तरी उसवलं असेल. तुझी तू खात्री करून घे."

भाऊसाहेबानं मोबाइलची बत्ती लावली. बोलून गेलो आणि मग लक्षात आलं. रेशीम न उसवताच थुंकली असेल तर? आम्ही बघितलं होतं, पण मग ते याला कुणी पटवायचं? उस्तादाचा डावा हात खिशाकडं गेला, भिंगाला लागला. उजव्या तळव्यावरची माशी बत्तीच्या उजेडात थरथरत होती, जिवंत पाखरागत. आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

"ती बत्ती बंद कर," तो म्हणाला.

"आरं, बघून तर घे आधी," भाऊसाहेब म्हणाला.

"कशाला?" त्यानं हात खिशापासून काढला. "तुम्ही तिघांनी बघितलंय." आणि त्यानं मूठ मिटली.